शनिवारचं बार्बरशॉप, राजम्याचे दाणे आणि वाचायला शिकणारी पोरं

डेट्रॉईटजवळच्या एका बार्बरशॉपमध्ये मी गेली चार वर्षं दर शनिवारी सकाळी दोन तास बसते. शनिवारी खुर्चीचा नंबर लागायला पाऊण तास सहज जातो, मशीनची घरघर चालू असते, टीव्हीवर बास्केटबॉल, मोठ्या माणसांच्या गप्पा रंगलेल्या आणि मधे एखादं पाच-सहा वर्षांचं पोरगं पाय हलवत नुसतं बसलेलं, त्या पाऊण तासात मी त्याच्या शेजारी बसून वाचते आणि त्याला वाचायला शिकवते. आमच्या मंडळातल्या तिघी-चौघींनी विचारलं की आम्हाला पण शाळेत नाहीतर लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून जायचंय, नेमकं करायचं काय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. हे मुख्यतः ब्लॅक मुलग्यांबद्दल आहे, वय पाच ते आठ, म्हणजे इथली किंडरगार्टन ते दुसरी-तिसरी.

मुलग्यांबद्दलच का, तर आकडा बघा. अमेरिकेत मुलांचं वाचन देशभर मोजतात त्या परीक्षेला नेप म्हणतात, २०२२ साली चौथीतल्या ब्लॅक मुलांपैकी शंभरात १७ जण त्यातल्या 'प्रोफिशियंट' पातळीला होते आणि गोऱ्या मुलांत ४२. ही पातळी तशी वरची आहे, त्यामुळे उरलेल्या ८३ जणांना अक्षरं कळत नाहीत असा अर्थ काढू नका, पण फरक केवढा आहे ते दिसतंच. त्यात मुलगे मुलींपेक्षा मागे असतात हे सगळ्याच गटांत दिसतं, म्हणजे या पोरांना दोन्हीकडून मार. आणि एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरत असते की अमेरिकेत तिसरीच्या वाचनाचे मार्क बघून तुरुंगाच्या खोल्या किती बांधायच्या ते ठरवतात. ती ऐकीव गोष्ट आहे, तिला काही आधार नाही, कृपा करून पुढे पाठवू नका. सहा वर्षांच्या पोराकडे बघताना आपल्या डोक्यात तुरुंग यायचं काही कारणच नाही.

दुसरं म्हणजे आपल्या गेट-टुगेदरमध्ये 'या लोकांना शिक्षणाची आवडच नसते' असं जे सहज बोललं जातं ना, ते मनातून काढून टाकल्याशिवाय तिथे जाऊच नका, पोरांना ते आपल्या चेहऱ्यावर दिसतं. साऊथ कॅरोलायनानं १७४० मध्येच गुलामांना लिहायला शिकवणं कायद्यानं बंद केलं होतं, १८३१ मध्ये नॅट टर्नर नावाच्या गुलामानं केलेल्या उठावानंतर तर दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांनी असले कायदे आणखी कडक केले. पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणारा मोठा वक्ता आणि लेखक झालेला फ्रेडरिक डग्लस लहानपणी बाल्टिमोरमध्ये गुलाम होता, मालकिणीनं अक्षरं शिकवायला सुरुवात केली आणि मालकानं ती थांबवली, मग हा पोरगा खिशात पाव घेऊन बाहेर पडायचा आणि गल्लीतल्या भुकेल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्याच्या बदल्यात वाचायला शिकायचा. ज्यांच्या पूर्वजांनी भाकरी देऊन अक्षरं विकत घेतली त्यांना आवड नाही म्हणायचं? जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले लोक होते, म्हणजे ही दोन दुःखं एकाच जातीची आहेत हे आपल्या माणसानं दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आणि आत्ताचं म्हणाल तर २०१६ मध्ये डेट्रॉईटच्या विद्यार्थ्यांनी स्वतः मिशिगन राज्यावर खटला भरला की आमच्या शाळांत धड पुस्तकं नाहीत, शिक्षक नाहीत, आम्हाला वाचायला शिकवलंच जात नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांच्या खंडपीठानं दोन विरुद्ध एक असं म्हटलं की साक्षर होण्याची संधी हा घटनेनं दिलेला हक्क आहे, मे महिन्यात राज्याच्या गव्हर्नरनी विद्यार्थ्यांशी तडजोड केली, नंतर तो निकाल पूर्ण कोर्टानं रद्दबातल केला, पण तडजोडीतले ९ कोटी ४४ लाख डॉलर २०२३ मध्ये विधिमंडळानं मंजूर केले. पोरांना वाचायचं होतं म्हणूनच पोरं कोर्टात गेली.

आता कामाचं.

सुरुवात करण्याआधी

ज्या शाळेत, लायब्ररीत किंवा दुकानात जाणार तिथली बॅकग्राउंड चेकची पद्धत असेल ती पूर्ण करा, मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, कायम सगळ्यांना दिसेल अशा जागी. मुलाच्या आईला, आजीला, जे कोण घेऊन आलेत त्यांना आधी विचारा आणि 'मी तुमच्या मुलाला मदत करते' असं न म्हणता 'आम्ही दोघं जरा वाचत बसू का' असं विचारा. इथे मोठ्या बायकांना पोरं 'मिस' लावून पहिल्या नावानं हाक मारतात, तुम्हीपण आजीला तसंच मिस अमुक म्हणा, नुसतं नाव घेऊ नका, आपल्याकडे काकू-मावशी लावतो तसलाच मान आहे तो. आणि ठरवलेला वार चुकवू नका, महिन्यातून एकदा दोन तास येण्यापेक्षा दर आठवड्याला वीस मिनिटं आलात तर जास्त उपयोग होतो.

आवाजापासून सुरुवात, अक्षरांपासून नको

आपण मराठी माणसं इथे हमखास चुकतो आणि मी पण पहिले सहा महिने चुकले. आपल्याला बाराखडी आली की वाचन येतं, क ला काना का, संपलं, अक्षर दिसतं तसंच म्हणायचं. त्यामुळे आपल्याला वाटतं की पोरगं एबीसीडी म्हणतंय ना धडाधड, मग वाचेल आपोआप. इंग्रजीत अक्षरं २६ आणि आवाज साधारण ४४, तेव्हा 'सी' या अक्षराचं नाव पाठ असून 'कॅट' वाचता येत नाही, कारण 'कॅट'मध्ये 'सी' असा आवाजच नाहीये. हे नातं कुणीतरी बसून शिकवावं लागतं, एकेक करून, ठरलेल्या क्रमानं. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलनं पाच गोष्टी सांगितल्या होत्या, शब्दातले सुटे आवाज ओळखणं, आवाज आणि अक्षर यांची जोडी, न अडखळता वाचणं, शब्दसंग्रह आणि समजणं. त्यातल्या पहिल्या दोन कच्च्या राहिल्या की पुढचं सगळं डळमळतं.

मी काय करते ते सांगते. एका कागदावर एका ओळीत तीन चौकोन काढते आणि पोराच्या हातात मूठभर राजमा देते. मग म्हणते 'शिप'. तो हळू म्हणतो, श्श्श, इ, प्, आणि प्रत्येक आवाजाला एक दाणा चौकोनात सरकवतो. तीन आवाज, तीन दाणे. अक्षरं चार असली तरी दाणे तीनच, आणि एस आणि एच मिळून एकच आवाज करतात हे मग दाणा उचलून त्या जागी अक्षरं लिहिली की त्याला डोळ्यांनी दिसतं. 'फिश', 'मॅप', 'सन', 'चिन', असे आठ-दहा शब्द, तीन-चार मिनिटांत होतात. राजमा मोठा असतो, छोट्या बोटांना सापडतो आणि सांडला तरी दुकानात झाडून घेता येतो. एका पोरानं पहिल्या दिवशी 'ट्रक'ला दोनच दाणे सरकवले, ट्रा आणि क्, मी काही बोलले नाही, तोच शब्द दोनदा हळू म्हटला आणि तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच चौथा चौकोन काढायला सांगितलं. ट्, र्, अ, क्. त्या चौथ्या चौकोनाचा त्याला एवढा आनंद झाला की घरी जाताना कागद घडी करून खिशात घालून गेला.

आता आपल्या जिभेची अडचण. आपण मराठीत नुसतं व्यंजन म्हणतच नाही, क म्हटलं की त्यात अ आलाच. पोराला तुम्ही 'क, ॲ, ट' असं शिकवलंत तर तो जोडून 'कअॅटअ' असलं काहीतरी म्हणणार आणि बिचाऱ्याला 'कॅट' कधी सापडणारच नाही. तेव्हा अक्षराचा पाय मोडून म्हणायचं, क्, ट्, प्. आपल्याकडे पाय मोडायची सोय लिपीतच आहे, म्हणून हे आपल्याला पटकन समजतं, फक्त जिभेला सवय लावावी लागते, घरी आरशासमोर चार दिवस म्हणून बघा. लांबवता येणारे आवाज आधी घ्या, म्म्म, स्स्स, न्न्न, फ्फ्फ, ते एकमेकांत सहज मिसळतात. ब्, ट्, क् लांबवता येत नाहीत, ते झटकन म्हणून सोडायचे. स्वरांत आपण आणखी घसरतो, 'बेड' आणि 'बॅड' आपल्या तोंडून बऱ्याचदा सारखेच येतात आणि अमेरिकन 'हॉट' हा आपल्या हॉटपेक्षा 'हाट'च्या जवळचा असतो. मी शाळेतल्या बाईंना विचारून घेतलं होतं आणि त्यांचं रेकॉर्डिंग फोनवर ठेवलंय, नवीन आवाज शिकवायच्या आदल्या रात्री ते ऐकते.

अक्षरांचा क्रम एबीसीडी असा घेऊ नका. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून सुरुवात केली की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सॅट, टॅप, पिन, नॅप, टिप असे खरे शब्द तयार होतात आणि पोराला कळतं की मी वाचतोय. शाळेत जो क्रम चालू असेल तोच पकडलेला सगळ्यात चांगला, बाईंना विचारा या आठवड्यात कुठला आवाज चाललाय.

चित्र बघून अंदाज लावू देऊ नका

इथल्या पुष्कळ शाळांत वर्षानुवर्षं असं शिकवत आलेत की शब्द अडला तर चित्र बघ, पहिलं अक्षर बघ, वाक्यात काय बसेल त्याचा अंदाज कर. त्यानं होतं काय, तर पोरगं घोड्याचं चित्र बघून 'हॉर्स'च्या जागी 'पोनी' वाचतं आणि सगळ्यांना वाटतं वाचायला लागला. तिसरीत चित्रं गेली की तोच पोरगा गप्प बसायला लागतो आणि मग त्याचं 'लक्ष नाही'. माझ्याकडे आलेला दुसरीतला एक मुलगा अख्खं पुस्तक घडाघडा 'वाचायचा', मी चित्रावर पोस्ट-इट लावली आणि तो पहिल्याच ओळीला थांबला आणि माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी त्याची चोरी पकडली. त्या क्षणी मी जे केलं ते तुम्हीही करा, पटकन पोस्ट-इट काढली, म्हटलं चित्र नंतर बघू, आधी हा एकच शब्द आपण दोघं मिळून फोडू. लाज वाटू द्यायची नाही, त्याला जे शिकवलं तेच तो करत होता. अशा मुलांसाठी डीकोडेबल पुस्तकं मिळतात, ज्यात शिकलेल्या आवाजांचेच शब्द असतात, गोष्ट साधीच असते पण पोरगं स्वतःच्या बळावर शेवटच्या पानापर्यंत जातं. लायब्ररीत मागा, हल्ली बऱ्याच ठिकाणी असतात.

आणि हे पद्धतशीर केलं तर फरक पडतो की नाही, तर मिसिसिपीकडे बघा. देशातल्या गरीब राज्यांपैकी एक, ब्लॅक लोकसंख्येचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त, २०१३ पर्यंत वाचनात जवळजवळ तळाला. त्या वर्षी कायदा करून शिक्षकांना नव्यानं वाचन शिकवायचं ट्रेनिंग दिलं, शाळांत कोच नेमले, मुलांची लवकर तपासणी सुरू केली (तिसरीत मागे ठेवायचा नियम पण आणला, त्यावर मतं वेगवेगळी आहेत), आणि २०१९ मध्ये चौथीच्या वाचनात राज्य देशाच्या सरासरीला आलं, २०२४ मध्ये सरासरीच्या वर गेलं. तिथली पोरं रातोरात हुशार झाली नव्हती.

त्याची बोली आणि तुमचा लाल पेन

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. मी सोलापूरकडच्या एका खेड्यात शिकले, आमच्या घरी सगळे 'पानी' म्हणायचे, 'लोनी' म्हणायचे, आणि दुसरीत धडा वाचताना मी 'पानी' वाचलं म्हणून बाईंनी मला वर्ग संपेपर्यंत उभं केलं होतं. मला 'पाणी' शब्द वाचता आला होता, अर्थ कळला होता, विहीर कुठे आहे हे सुद्धा माहीत होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी मोठ्यानं वाचलंच नाही.

बऱ्याच ब्लॅक मुलांच्या घरी जी इंग्रजी बोलतात तिला स्वतःचं व्याकरण आहे, ती मोडकी इंग्रजी नव्हे. शब्दाच्या शेवटची जोडाक्षरं हलकी होतात, 'कोल्ड'चं 'कोल', 'टेस्ट'चं 'टेस', 'हँड'चं 'हॅन'. शेवटच्या 'टीएच'चा 'फ' होतो, 'टीथ'चं 'टीफ'. तसं बघितलं तर त्या 'टीथ'ला आपण मराठी थ लावतो, तोही पुस्तकातला नाहीच, आपल्याला कोण थांबवतं? 'ही इज रनिंग'चं 'ही रनिंग' होतं. आणि 'शी बी ॲट होम' हे ऐकून आपली माणसं व्याकरण चुकलं म्हणतात ना, त्याचा अर्थ बघा. 'शी ॲट होम' म्हणजे ती आत्ता घरी आहे, 'शी बी ॲट होम' म्हणजे ती घरी असते. आहे आणि असते! मराठीत आपण हा फरक दिवसभर करतो आणि पुस्तकी इंग्रजीला तो एका क्रियापदात करता येत नाही.

मग पोरगं वाचत असताना काय करायचं? एकच प्रश्न स्वतःला विचारायचा, अर्थ बदलला का. 'कोल्ड'ला 'कोल' म्हणाला आणि गोष्ट पुढे बरोबर चाललीय, सोडून द्या, तो शब्द त्यानं वाचलाय, स्वतःच्या तोंडानं म्हटलाय. 'हॉर्स'ला 'हाऊस' म्हणाला, तर थांबा, बोट ठेवा, आवाज फोडायला सांगा, ही वाचनाची चूक आहे. थोडं अवघड कुठे होतं, तर भूतकाळात. 'वॉक्ड' हा शब्द तो 'वॉक' असाच म्हणणार, त्यामुळे शेवटचं 'ईडी' त्याला दिसलं की नाही हे ऐकून कळत नाही. तेव्हा उच्चार दुरुस्त करण्याऐवजी विचारा, हे कधी झालं, आत्ता की आधी? 'आधी' म्हणाला तर त्यानं वाचलंय. 'आत्ता' म्हणाला तर 'ईडी' दाखवा आणि सांगा हे दिसलं की गोष्ट होऊन गेलेली असते. लिहिताना मात्र 'पास्ट' आणि 'पास' त्याच्या कानाला सारखेच लागतात, म्हणून शेवटची अक्षरं लिहायला वेगळी शिकवावी लागतात, त्यासाठी पण राजमा चालतो, 'पुस्तकातला पास्ट' म्हणून चार दाणे.

हे काही माझ्या मनाचं नाही. आमच्या मिशिगनमध्येच ॲन आर्बरला ब्लॅक मुलांच्या आयांनी कोर्टात जाऊन हेच मांडलं आणि १९७९ मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला की वाचायला शिकवताना शिक्षकांनी मुलांच्या घरच्या भाषेचा विचार केलाच पाहिजे. शाळेची इंग्रजी शिकवायची नाही असं कुणीच म्हणत नाही, ती लागतेच, नोकरीला लागते, परीक्षेला लागते, मीही 'पाणी' शिकलेच. पण ती त्याच्या भाषेच्या शेजारी बसवायची, तिला हाकलून नाही, आणि वाक्याच्या मध्येच तोडून तर कधीच नाही.

पुस्तकं कुठली आणि कुठे

बार्बरशॉपची कल्पना माझी नाही. न्यूयॉर्कमध्ये पहिलीला शिकवणारे ॲल्विन अर्बी एकदा केस कापायला गेले तर त्यांचाच विद्यार्थी दुकानात कंटाळून बसलेला, आणि त्यांना वाटलं याच्या हातात आत्ता पुस्तक असायला हवं होतं. त्यातून बार्बरशॉप बुक्स ही संस्था उभी राहिली, चार ते आठ वर्षांच्या ब्लॅक मुलग्यांसाठी दुकानात पुस्तकांचा छोटा कोपरा करायचा आणि बार्बरनं पोरांना पुस्तक हातात घ्यायला लावायचं, २०१७ मध्ये त्यांना नॅशनल बुक फाउंडेशनचं वाचन-पारितोषिक मिळालं. आमच्या इप्सिलांटीच्या फुलर कट दुकानात पोरानं केस कापताना मोठ्यानं पुस्तक वाचलं तर दोन डॉलर परत देतात. यामागे साधं कारण आहे, पोरांना घरी वाचून दाखवते आई नाहीतर आजी, शाळेत बाई, लायब्ररीत बाई, आणि अमेरिकेतल्या शाळाशिक्षकांमध्ये ब्लॅक पुरुष शंभरात दोन सुद्धा नाहीत. वाचणारा ब्लॅक पुरुष त्याला दिसणार कुठे? बार्बर दर दोन आठवड्यांनी भेटतो आणि त्याचा शब्द पोरं मानतात. म्हणून दुकानात मी बोलते कमी, बार्बरच कात्री चालवता चालवता विचारतो 'मग त्या शार्कचं काय झालं पुढे', आणि पोरगं आरशात बघून सांगतं.

तुम्हाला दुकानात कोपरा करायचा असेल तर आधी मालकाला भेटा, गर्दीच्या शनिवारी नको, मंगळवारी दुपारी. दुधाचा क्रेट किंवा बुटकं शेल्फ पुरतं, पंधरा-वीस पुस्तकं, त्यापेक्षा जास्त ठेवली की पोरं बघतच नाहीत. उंची पाच वर्षांच्या पोराच्या कमरेएवढी, मुखपृष्ठं समोर दिसतील अशी लावायची, कणे दिसले तर कुणी हात लावत नाही. केस पडतात, म्हणून ओलसर फडका जवळ ठेवा. पुस्तक घरी न्यायचं म्हणाला तर नेऊ द्या आणि परत आलं का विचारू नका, घरी पुस्तक असणं हाच तर उद्देश आहे.

कुठली पुस्तकं, तर आधी हसवणारी. आपल्यासारखी चांगुलपणा करायला निघालेली माणसं ब्लॅक पोरांसाठी म्हणून गुलामगिरी आणि नागरी हक्क चळवळीची चरित्रंच उचलतात. ती पाहिजेत, पण सहा वर्षांच्या पोराला शनिवारी सकाळी पादण्यावरचे जोक, डायनासोर, ट्रक, शार्क, बास्केटबॉल आणि कॉमिक्स पाहिजे असतं आणि त्यात स्वतःसारखा दिसणारा पोरगा मजेत असलेला पाहिजे असतो. एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे' १९६२ चं आहे, लाल कोटातला पीटर नावाचा ब्लॅक मुलगा बर्फात खेळतो, बास, एवढीच गोष्ट, आणि २०२० मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं सांगितलं की त्यांच्या १२५ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेलं पुस्तक हेच. मिशिगनच्या जानेवारीत माझ्या क्रेटमधून ते पुस्तक दर महिन्याला नाहीसं होतं आणि मी नवीन आणते.

पुस्तकं फुकट पण मिळतात. बऱ्याच मोठ्या लायब्रऱ्यांनी उशिराचा दंड बंद केलाय, शिकागोनं २०१९ मध्ये, न्यूयॉर्कनं २०२१ मध्ये, पण जुन्या दंडाच्या भीतीनं कित्येक घरांत कार्डच काढलेलं नसतं, तेव्हा आपल्या गावचा नियम विचारून आईला सांगा आणि जमलं तर बरोबर जाऊन कार्ड काढा. गायिका डॉली पार्टनची इमॅजिनेशन लायब्ररी ज्या भागात चालू आहे तिथे पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला दर महिन्याला पोस्टानं पुस्तक येतं, धाकट्या भावाचं नाव घाला. बऱ्याच क्लिनिकमध्ये मुलांचे डॉक्टर तपासणीच्या वेळी पुस्तक देतात, त्याला रीच आउट अँड रीड म्हणतात, १९८९ ला बॉस्टनमध्ये सुरू झालं.

वीस मिनिटांचा हिशोब माझा असा असतो, चार मिनिटं राजमा, पाच मिनिटं अक्षरं आणि सुटे शब्द, सहा-सात मिनिटं त्यानं वाचायचं, आणि उरलेला वेळ त्यानं निवडलेलं पुस्तक मी वाचून दाखवायचं, कितीही अवघड असलं तरी. हा शेवटचा भाग गाळू नका. १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या दोघांनी मांडलं की वाचन म्हणजे गुणाकार आहे, शब्द फोडता येणं गुणिले भाषा समजणं, एक शून्य असेल तर उत्तर शून्य. शब्द फोडायला तो राजम्यावर शिकतोय, पण ज्वालामुखी, अष्टपाद, गुरुत्वाकर्षण हे शब्द त्याच्या कानावर तुमच्या वाचण्यातूनच पडणार.

तरी अडत असेल तर

सहा महिने नेमानं करून पण साधे आवाज जुळत नसतील तर डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही अक्षरं आणि आवाज जुळवायला अवघड जाणं, असू शकतो, आणि इथे या पोरांवर मोठा अन्याय होतो. वाचता येत नाही म्हणून पोरगं खुर्चीवरून उठतं, पेन्सिल फेकतं, आणि त्याची नोंद होते वागणुकीच्या खात्यात. २०१३-१४ च्या सरकारी आकड्यांत प्रीस्कूलमध्ये ब्लॅक मुलं १९ टक्के होती आणि शाळेतून घरी बसवलेल्यांत ४७ टक्के. प्रीस्कूल, म्हणजे चार वर्षांची मुलं. येल विद्यापीठात वॉल्टर गिलियम यांनी २०१६ मध्ये शिक्षकांना व्हिडिओ दाखवून खोड्या कोण करतंय ते शोधायला सांगितलं, खोड्या कुणीच करत नव्हतं, तरी त्यांच्या नजरा सगळ्यात जास्त ब्लॅक मुलग्यावरच गेल्या. तेव्हा तुमच्या समोरचं पोरगं चुळबुळ करायला लागलं तर आधी बघा पान अवघड आहे का.

शाळेकडून तपासणी करून घ्यायचा हक्क आईवडिलांना आहे आणि ती फुकट असते. तोंडी सांगून उपयोग नाही, लेखी द्यायचं, तारीख घालायची, कॉपी ठेवायची. संमतीवर सही झाली की केंद्राच्या नियमानं ६० दिवसांत तपासणी व्हावी लागते, काही राज्यांची मुदत वेगळी आहे. 'अजून थोडं थांबू, मुलगे उशिरा शिकतात' असं कुणी म्हटलं तर थांबू नका. पत्र आईच्या नावानं आईनंच द्यायचं, आपण फक्त शेजारी बसून लिहायला मदत करायची, मी अशा दोन आयांबरोबर बसलेय आणि दोन्ही वेळा आईला मुलाचं कुठे अडतंय ते माझ्यापेक्षा जास्त नेमकं माहीत होतं.

शेवटचं एक, भारतात जायचं असेल तर. पहिल्या वर्षी मी डिसेंबरात पाच आठवडे न सांगता पुण्याला गेले, परत आले तर कळलं की एक पोरगा दोन शनिवार मी कुठेय म्हणून विचारत होता आणि तिसऱ्या शनिवारपासून त्यानं पुस्तक आणणं बंद केलं. तेव्हापासून जायच्या आधी दोन आठवडे सांगते, दुकानातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवते, आणि एक कार्ड लिहून बार्बरकडे ठेवते, त्याला येणाऱ्या आवाजांचेच शब्द वापरून. यंदाच्या कार्डावर तीन ओळी होत्या. त्यानं त्या खुर्चीत बसून, गळ्याशी कापड बांधलेलं असताना, बोट फिरवत मोठ्यानं वाचल्या, 'बॅक'चा शेवटचा क् जरा जास्तच जोरात म्हटला, आणि बार्बरनं मशीन बंद करून ऐकल्या, तो व्हिडिओ मला पुण्यात रात्री अकराला आला.